माळ्यावरची काडतुसं

गेल्या श्रावणात आबा पत्र्याचा डबा घेऊन माझ्या ओटीवर आले. टोकावड्यात त्यांना सगळे आबाच म्हणतात. त्यांच्याकडे .315 ची जुनी रायफल आहे, वडिलांच्या मागे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्या नावे झालेली. डब्यात दहा-बारा काडतुसं होती. "बघ रे जरा, यांना काय झालंय? तुझा जन्म गेला यात," म्हणाले आणि डबा माझ्यापुढे सरकवून सुपारी कातरत बसले.

मी भिंग आणलं. काडतूस बंदुकीत कधी गेलेलंच नव्हतं, तरी पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, तोंडापासून खाली एक उभी चीर गेली होती. केसाएवढी बारीक, पण आरपार. चिरेच्या कडेला निळसर हिरवी रेघ. दुसरं उचललं, तिसरं उचललं. पाच काडतुसांना तशीच चीर.

"आबा, डबा ठेवला होता कुठे?"

"गोठ्यावरच्या माळ्यावर. दुसरीकडे पोरांचा हात पोचतो."

मी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत धातुपरीक्षणात नोकरी केली. पितळाची पट्टी, पट्टीतून कापलेली चकती, चकतीची वाटी आणि वाटी ओढत ओढत झालेली पुंगळी, हे माझं रोजचं काम. पण ही चीर मी तोवर पुस्तकातल्या फोटोतच पाहिली होती. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेची काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची. ती ठेवलेली असायची घोड्यांच्या पागेत किंवा पागेजवळ. ओढून घडवलेल्या पितळाच्या अंगात ताण राहिलेला असतो. त्यात घोड्याच्या मुताचा अमोनिया आणि पावसाची दमट हवा मिळाली की धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यात फट पडते. तडकणं ऋतूबरोबर यायचं, म्हणून त्याचं नाव पडलं सीझन क्रॅकिंग. त्याचं कारण 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी नीट मांडलं. उपायही साधाच निघाला. घडवून झालेल्या पुंगळीला बेताची ऊब द्यायची, की अंगातला ताण उतरतो. फौजी काडतुसाच्या मानेवर जी निळसर जांभळी झाक दिसते ती मान तापवून मऊ केल्याची खूण असते.

म्हणजे पितळही बिनचूक नाही. पोलादी पुंगळीबद्दल बोलण्याआधी मला हे सांगायचं होतं, कारण आमच्या धंद्यात पितळाचा पक्ष घेणारे बरेच आणि पोलादाला नुसती नावं ठेवणारे त्याहून जास्त.

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. सुट्टीच्या दिवशी रेंजवर जातो. तो फोनवर नेहमी विचारतो, "मामा, स्टीलची स्वस्त मिळते, घेऊ का?" आपल्याकडे परवानाधारकाला हा प्रश्न पडतच नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. तिथली .315 ज्याने घेतली असेल त्याने पितळी पुंगळीच्या बुडावर केएफ ही अक्षरं पाहिलेली असतात. दुकानात मिळते तीच घ्यायची. पण भाच्याचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो एका माणसाच्या खिशापुरता नाही. तांबं पोलादाच्या दहापट तरी महाग आहे. आपल्या देशाला ते बाहेरून आणावं लागतं, आणि 2018 मध्ये तुतीकोरिनचा मोठा तांबे प्रकल्प बंद झाल्यावर तर जास्तच. पुंगळीच्या पितळात सत्तर टक्के तांबं असतं, उरलेलं जस्त. लढाई लांबली की गोळ्या लाखांनी नाही, कोटींनी लागतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला तांबं पुरेना, तेव्हा त्यांनी पोलादाच्या पुंगळ्यांना लाखेसारखा थर देऊन काम भागवलं. अमेरिकेनेही त्या काळात .45 पिस्तुलाच्या कोट्यवधी पुंगळ्या पोलादाच्या केल्या.

आता पुंगळीचं काम काय ते बघू. घोडा पडला की आत दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन टनांच्या आसपास दाब तयार होतो. त्या क्षणी पुंगळीने फुगून बंदुकीच्या खोबणीला चिकटायचं, म्हणजे मागे वायू येत नाही. आणि दाब उतरताच तिने आकसून खोबण सोडायची, म्हणजे ती ओढून बाहेर काढता येते. धरणं आणि सोडणं, दोन्ही सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यात. तेवढाच ताण दिला तर पितळ पोलादाच्या जवळपास दुप्पट ताणलं जातं आणि तेवढंच परत येतं. म्हणून पितळ धरतंही छान आणि सोडतंही छान. पोलाद ताठ. ते भिंतीला पुरतं टेकत नाही, थोडी काजळी मागे सरकून खोबणीत बसते. मग आकसतानाही ते कमीच आकसतं.

रशियनांनी यावर जो तोडगा काढला त्याला मी मनापासून दाद देतो. त्यांनी धातू बदलला तशी बंदूकही त्याला जुळवून घेतली. त्यांच्या 7.62 बाय 39 च्या काडतुसाचं अंग सरळ नाही, निमुळतं आहे. निमुळती वस्तू केसभर मागे सरकली की चहूबाजूंनी मोकळी होते. त्यात कलाश्निकोव्हचा पुंगळी ओढणारा आकडा दणकट. त्या बंदुकीत पोलादी पुंगळी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. तीच पुंगळी सरळ अंगाच्या 5.56 च्या मापात केली आणि तापलेल्या, काजळी धरलेल्या खोबणीत घातली की अडकण्याची भीती वाढते. लोक म्हणतात वरचा थर वितळून चिकटतो. तसं नाही, चिकटवते ती काजळी. आणि एकदा पोलादी पुंगळ्यांनी काजळी साठवली की मागाहून घातलेली पितळी पुंगळीही त्यात घट्ट बसते. भाच्याला मी हेच बजावतो: एका दिवशी दोन्ही मिसळायच्या नाहीत, आणि पोलादी वापरलीस तर मधे साफ केल्याशिवाय पितळी घालायची नाही.

पोलादी काडतुसांनी बंदुकीची नळी झिजते असंही म्हणतात. तिथे गुन्हा पुंगळीचा नसतो, गोळीचा असतो. स्वस्त काडतुसात गोळीवरचं कवचही बहुधा पोलादाचं असतं, वर तांब्याचा पातळ मुलामा. चुंबक लावलं की गोळी चिकटते. अमेरिकेतल्या एका दारूगोळा विक्रेत्याने एकाच बनावटीच्या चार रायफली घेतल्या आणि प्रत्येकीतून एकेका प्रकारच्या दहा हजार गोळ्या झाडायला घेतल्या. एक प्रकार पितळी, तीन पोलादी. पोलादी कवचाच्या गोळ्यांच्या नळ्या सहा हजारांच्या आतबाहेर निकामी झाल्या, एका रायफलीला तर पल्लाच गाठता आला नाही. पितळीवाली शेवटपर्यंत टिकली. पण हिशेब मांडला तेव्हा वाचलेल्या पैशांत नवी नळी येऊन वर पैसे उरत होते. हा हिशेब मला पटतो, जोवर बंदूक सरावाची आहे तोवर. 2021 मध्ये अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयातीला अटकाव केला, तेव्हापासून ती स्वस्ताईही पूर्वीइतकी राहिली नाही.

कारखान्याच्या बाजूनेही पोलाद वाटतं तेवढं स्वस्त नाही. पितळ ओढताना गोड वागतं, पोलाद हट्टी. ओढलं की लगेच कडक होतं, जास्त तापवून मऊ करावं लागतं, प्रत्येक ओढीआधी फॉस्फेटचा थर आणि साबण लागतो, आणि साचे लवकर झिजतात. वर गंजू नये म्हणून लेप हवा तो वेगळाच. पितळी पुंगळी वाजल्यावर भंगारात चांगल्या भावाने जाते, किंवा जिथे कायदा देतो तिथे पुन्हा भरली जाते. पोलादी एकदा वाजली की संपली.

आमच्या घरी एकेकाळी दारावर भांडीवाली आली आणि आईने पितळेचा हंडा देऊन स्टीलचे डबे घेतले. कल्हईचा त्रास गेला, घासायला सोपं झालं, आई खूश होती. त्यामुळे "स्टील" म्हटलं की गावात वाटतं, हे गंजत नाही. पुंगळीचं पोलाद ते नव्हे. त्यात क्रोमियम नसतं, साधं कमी कार्बनचं पोलाद. लेपाला ओरखडा पडला की तिथून गंज सुरू. बारा बोअरच्या स्वस्त काडतुसाचं पिवळं बूडही पुष्कळदा पोलादच असतं, वरून पितळेचा मुलामा दिलेलं. माळशेजवरून ढग उतरले की आमच्याकडे आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, भिंतीला हात लावला तर ओला होतो. अशा हवेत लेपाच्या भरवशावर काडतूस चार पावसाळे सांभाळायचं म्हणजे जोखीमच. इथल्या शेतकऱ्याची बंदूक वर्षातून दोनदा हवेत बार काढायला बाहेर निघते, काडतुसं मात्र वर्षानुवर्षं पडून असतात. त्याला मी पितळीच सांगेन. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेतलं, त्या पातळीच्या नेमबाजाला गोळीगणिक सारखेपणा हवा, त्यालाही पितळीच. पण ज्या फौजेला शिपायांकडून रोज शेकडो फैरींचा सराव करून घ्यायचा आहे आणि बंदूक निमुळत्या काडतुसाची आहे, तिथे पोलादाला नाक मुरडणं मला देशाच्या तांब्याची उधळपट्टी वाटते. हे माझं मत आमच्या प्रयोगशाळेत कुणाला फारसं आवडायचं नाही.

आबांना मी म्हटलं, "ही बंदुकीत घालायची नाहीत. चिरलेलीही नाही आणि न चिरलेलीही नाही. एकाच माळ्यावरची आहेत, उरलेल्यांच्या अंगात काय चाललंय ते डोळ्यांना दिसणार नाही."

"पैसे पडलेत रे त्याला."

"पुंगळी तोंडाशी फाटली तर वायू सुटेल, बुडाशी फाटली तर डोळा जाईल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं छत्री घेऊन टोकावडे पोलीस ठाण्यात गेलो. परवाना दाखवला, काडतुसं मोजून जमा केली, नोंद करून घेतली. परतताना आबा बराच वेळ गप्प होते. मग चढावर थांबून त्यांनी विचारलं, "नवी आणली तर ठेवू कुठे?" मी म्हटलं, "घरात, कुलपाच्या लोखंडी कपाटात. चुलीपासून लांब, गोठ्यापासून त्याहून लांब." दिवाळीआधी त्यांच्याकडे गेलो तेव्हा कपाट मधल्या खोलीत आलं होतं आणि किल्ली आबांच्या करगोट्याला होती.