अग्नीचे कडे

मुख्याध्यापक या नात्याने मी अनेक वर्षे नियम केले आणि ते मुलांकडून पाळून घेतले. नियम मोडला की शिक्षा, एवढे सोपे गणित मी मनाशी मांडले होते. त्या गणितात काय राहून गेले होते, ते मला सेवानिवृत्तीनंतर, घरापासून हजारो मैल दूर, एका चित्रपटगृहाच्या अंधारात उमगले.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात माझी मुलगी राहते. २०१९ साली मी तिच्याकडे गेलो होतो. ३० मार्चच्या शनिवारी ती म्हणाली, "बाबा, आज ऑपेरा पाहायला जाऊ." ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचे संगीत नाटक. आपल्या संगीत नाटकात गद्य संवादांच्या मधून पदे येतात. आम्ही पाहणार होतो त्या ऑपेरात मात्र सारेच गाऊन सांगायचे होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या नाट्यगृहातील प्रयोग त्याच वेळी उपग्रहाच्या साहाय्याने दूरदूरच्या चित्रपटगृहांत दिसणार होता.

हा ऑपेरा होता रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराचा 'डी वाल्क्यूरे'. उत्तर युरोपातील पुराणकथांवरून वाग्नरने चार ऑपेरांची एक माला गुंफली. शब्दही त्याचेच आणि संगीतही त्याचेच. या कामी त्याची सुमारे २६ वर्षे गेली. ही संपूर्ण माला १८७६ साली जर्मनीतील बायरॉइट येथे प्रथम रंगभूमीवर आली. पुढे चारच वर्षांनी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' अवतरले, हे आठवून मला मोठी मौज वाटली.

पडदा उजळला. रंगमंचावर २४ प्रचंड फळ्यांचे एक यंत्र होते. त्या फळ्या फिरत, उभ्या राहत आणि पाहता पाहता त्यांचे अरण्य होई, पर्वत होई. रणात पडलेल्या वीरांना स्वर्गात नेणाऱ्या देवकन्या त्याच फळ्यांवर घोड्यासारख्या स्वार झाल्या, तेव्हा मी लहान मुलासारखा खुर्चीच्या काठावर सरकून बसलो. भाषा जर्मन होती. पण खाली इंग्रजीत अर्थ उमटत होता. गाणाऱ्यांचे चेहरे इतके जवळून दिसत होते, की कपाळावरचा घामही नजरेतून सुटत नव्हता.

आता कथा ऐका. वोटान हा देवांचा राजा. त्याने केलेले करार त्याच्या भाल्यावर कोरलेले आहेत. ते मोडले तर त्याची सत्ताच मोडेल. आपला मानवपुत्र सीगमुंड लढाईत जिंकावा, ही त्याची मनापासूनची इच्छा. परंतु सीगमुंडने विवाहाची मर्यादा मोडलेली असते आणि राणी फ्रिका राजाला नियमाची आठवण देते. हतबल झालेला वोटान आपली लाडकी कन्या ब्रुनहिल्ड हिला आज्ञा करतो, की सीगमुंडला मदत करू नकोस. पण सीगमुंडचे प्रेयसीवरील प्रेम पाहून ब्रुनहिल्डचे हृदय द्रवते आणि ती त्याच्या पाठीशी उभी राहते. अखेर वोटान स्वतः मध्ये पडतो. त्याच्या भाल्यावर सीगमुंडची तलवार भंगते आणि तो मारला जातो. मग वोटान कन्येला शिक्षा सुनावतो. ती म्हणते, तुमच्या अंतःकरणात जे होते, तेच मी केले.

ते शब्द ऐकून मी दचकलो.

वीस वर्षांपूर्वीचा पावसाळा मला आठवला. चाचणी परीक्षा चालू होती. घंटेनंतर आलेल्यास आत घ्यायचे नाही, हा नियम मीच केला होता. एक मुलगी ओढ्याच्या पुरातून वाट काढीत, चिंब भिजून, उशिरा पोहोचली. खिडकीतून मी तिला पाहिले. कोणी तिला आत घेईल तर बरे, असे मनात आले. पण मी जागचा हललो नाही. तेवढ्यात नववीच्या वर्गप्रमुख मुलीने दार उघडले. ती वर्गप्रमुख माझीच मुलगी होती. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर मी तिचे वर्गप्रमुखपद काढून घेतले. ती एक शब्दही बोलली नाही.

पडद्यावर वोटान आपल्या कन्येला निरोप देत होता. शिक्षा तो मागे घेत नाही. तिचे देवत्व काढून घेऊन तो तिला खडकावर निजवतो. मात्र तिची एक विनंती तो मान्य करतो. त्याने भाला आपटताच खडकाभोवती अग्नीचे कडे पेटते. ज्याला भय ठाऊक नाही, असाच वीर ते ओलांडून तिला जागे करू शकेल. मी दिलेल्या शिक्षेभोवती मायेचे असे कडे कोठे होते?

बाहेर आल्यावर मी मुलीला म्हणालो, "त्या दिवशी तू दार उघडलेस, याचा मला आनंदच झाला होता. तुला सांगायचे तेवढे राहून गेले."

ती क्षणभर थांबली. मग माझा हात हाती घेऊन म्हणाली, "बाबा, तिचा पेपर मात्र पूर्ण झाला होता!"