मैदानाबाहेरचा रकाना

लिएंडर पेस आपला, हे गोंयकाराला शिकवावे लागत नाही. वडील डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचे कांस्यपदक मिळवलेले. मुलाने १९९६ मध्ये अटलांटात टेनिसचे कांस्य आणले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो गोव्यात तृणमूल काँग्रेसमध्ये गेला, तेव्हा आमच्या कचेरीत चहाच्या वेळी याच पदकांची उजळणी झाली. मुंबईत त्याच्यावर कौटुंबिक हिंसाचाराचा खटला चालू आहे, हे कुणीच काढले नाही.

गोव्याचे मतदान १४ फेब्रुवारी २०२२ ला झाले. त्याच महिन्यात मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयाच्या आदेशाची बातमी आली. पूर्वीची जोडीदार रिया पिल्लै हिच्यावर पेसने कौटुंबिक हिंसाचाराची कृत्ये केल्याचे सिद्ध होते, असे न्यायालयाने म्हटले आणि तिला दरमहा एक लाख रुपये निर्वाहभत्ता देण्यास सांगितले. तिची तक्रार २०१४ ची. त्याच वर्षी पेसला पद्मभूषण मिळाले होते.

२००५ चा कायदा म्हणतो, अशी तक्रार पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. इथे आठ वर्षे गेली. ज्या बाईला वकील परवडतो, वर्तमानपत्रे जिची दखल घेतात, तिची ही कथा. मग पेडण्या-काणकोणातल्या बाईने काय करावे?

आदेशानंतर टेनिसच्या जगात काय झाले? २०२४ मध्ये पेसचा आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. त्याचा खेळ त्या योग्यतेचा होताच, त्याबद्दल वाद नाही.

क्रिकेटमध्येही तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्वाल्हेरला चौदा वर्षांनी आंतरराष्ट्रीय सामना झाला. त्या सुमारास मी तिथे आतेबहिणीकडे होतो. दाल बाजारात तिच्याबरोबर तूरडाळ घ्यायला गेलो, तर दुकानदार मोहम्मद शमीच्या २०२३ च्या विश्वचषकातल्या चोवीस बळींचे कौतुक करत होता. ताईने त्याच्या बायकोच्या तक्रारीचा विषय काढला. दुकानदार म्हणाला, "बहनजी, वो घर की बात है."

त्या दुकानदाराला दोष काय द्यायचा? मार्च २०१८ मध्ये बायकोने मारहाणीचे आणि पैशांच्या गैरव्यवहाराचे आरोप केले, तेव्हा क्रिकेट मंडळाने शमीचा करार रोखला होता. शमीने आरोप नाकारले. मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी पथकाने तपास केला तो फक्त पैशांचा. त्यात काही निघाले नाही आणि त्याच महिन्यात करार मिळाला. मारहाणीचे काय, ते पोलीस आणि कोर्ट बघतील! आरोप खरे की खोटे, हे मी ठरवणार नाही. पण मंडळाच्या कागदात त्या तक्रारीला रकानाच नव्हता.

आता आम्हा कारकुनांचे बघा. कुठल्याही गुन्ह्यात अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिलो तर नियमानुसार आपोआप निलंबित. सरकारी नोकराला न शोभणारे वर्तन, एवढ्यावरही चौकशी लागते. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, निर्दोष ठरलात तर परत खुर्चीवर. बायकोला मारणारे सहकारी यातूनही सुटतात, कारण ती पोलिसांत जातच नाही. तरी नियम लिहिलेला आहे, कुणी तक्रार घेऊन आले तर त्यावर बोट ठेवता येते.

उत्तेजक घेतले म्हणून किंवा सट्टेबाजाचा फोन लपवला म्हणून खेळाडूवर बंदी येते. त्याच संघटनांनी नियमांच्या पुस्तकात आणखी एक कलम घालावे: घरच्या हिंसाचाराची तक्रार आली तर ती कोणी ऐकायची, किती दिवसांत. नाहीतर साक्षीला पदके उभी राहतात आणि ती बाई एकटी.