चित्राला बांधलेली नावं

हृदयाच्या आकृतीत ‘डावे अलिंद’ या नावाची रेष जराशी खाली सरकली की ती डाव्या निलयात जाऊन टेकते. अक्षर शुद्ध असतं, आकृती देखणी असते, छपाई स्वच्छ असते, आणि मुलगा चुकीचं शिकतो. पानं लावणाऱ्या माणसाची खरी धास्ती ही. पुण्यात ब्रोमाइड आणि रबर सोल्यूशनच्या दिवसांत मी ती घेऊन वावरलो. आज चेन्नईच्या दक्षिणेला, सिरुसेरीच्या सिपकॉट आयटी पार्कात पाठ्यपुस्तकांची पानं लावतानाही ती सोबत आहेच. नाव चित्राला बांधून ठेवायची रीत मात्र पार बदलली.

आमच्याही आधी, खिळे जुळवण्याच्या काळात, आकृतीचा जस्ताचा ब्लॉक करून घेत. नाव ब्लॉकमध्येच कोरलं आणि त्यात एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला, तर सगळा ब्लॉक नव्याने करायचा. म्हणून शहाणे संपादक चित्रात फक्त आकडे ठेवत आणि नावं खाली खिळ्यांत जुळवत. वाईच्या मराठी विश्वकोशाचे खंड उघडून पाहा: आकृतीत (१), (२), (३), आणि खाली ओळीने नावं. वाचणाऱ्याची नजर वर-खाली करत राहते हे खरं, पण चित्र कितीही लहान-मोठं करा, नाव भलतीकडे जायची भीती नाही. ही पद्धत मला आजही फार आवडते.

ऑफसेट आलं आणि नावं चित्रावर आली. चित्रकार मूळ आकृती छपाईच्या दीडपट, दुप्पट मोठी काढायचा. प्रोसेस कॅमेऱ्यावर ती हव्या मापाला आणली जायची आणि तिचं ब्रोमाइड मिळायचं. मग नावांची वेगळी पट्टी यायची. एकेक नाव ब्लेडने कापायचं, चिमट्यात धरायचं, मागे रबर सोल्यूशन लावायचं आणि लाइट टेबलवर सरळ रेषेत बसवायचं. जागेची खूण फिकट निळ्या पेन्सिलीने करायची, कारण तो निळा कॅमेऱ्याला दिसत नसे. रेष शेवटी, रॉटरिंगच्या बारीक पेनने.

या क्रमात एक मोठं शहाणपण होतं, ते मला फार उशिरा नीट कळलं. चित्र आधी लहान व्हायचं आणि नावं नंतर, छापायच्या मापातच बसायची. त्यामुळे पुस्तकभर नावांचं अक्षर एकाच आकाराचं राहायचं. दुसरं म्हणजे, नाव चिकटवणाऱ्याला ते कशाचं आहे हे पाहावंच लागे. आमच्याकडचे पेस्टिंगवाले काका विज्ञान शिकलेले नव्हते, पण महारोहिणी कुठून निघते ते त्यांना पाठ होतं. मे महिन्यात सोल्यूशन सुकून नाव गळून पडलं, तर चिठोरं हातात घेऊन ते न विचारता जागेवर लावत. मात्र लेखकाने एक परिच्छेद वाढवला आणि दोन कॉलमांचं चित्र एका कॉलमात आणायची वेळ आली, की कॅमेऱ्यापासून सगळं पुन्हा. रात्री जागायच्या त्या यासाठीच.

संगणकावर पानं लावायचा प्रोग्राम, अल्डस कंपनीचा पेजमेकर, १९८५ सालचा. नव्वदच्या दशकात पुण्यात तो घरोघर म्हणावा इतका पसरला, सोबत ‘श्री-लिपी’, ‘आकृती’ यांसारखे मराठी फॉन्ट. वाटलं, सुटलो. पण खरा गोंधळ इथेच झाला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत चित्र आणि नावं एकत्र बांधायची सोयच नव्हती. चित्र ओढलं की नावं मागेच राहायची. म्हणून आम्ही नावं कोरलड्रॉमध्ये चित्रावरच घालू लागलो. आता ती सुटत नव्हती, पण चित्र सत्तर टक्के केलं की ८ पॉइंटचं अक्षर ५.६ पॉइंटचं होई. इंग्रजी नाव तेवढ्यातही वाचता येतं. मराठीत रफार, वेलांट्या आणि उकार शाईने भरून जातात. पुढे युनिकोड आलं, पुस्तकांचा मजकूर बदलून घेतला गेला, आणि चित्रांच्या पोटातली नावं जुन्या फॉन्टमध्येच अडकून राहिली. नव्या संगणकावर ती फाइल उघडली की ‘पर्णरंध्र’च्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. अशी कितीतरी चांगली मराठी पुस्तकं आज पुन्हा छापायची, तर आकृत्या नव्याने कराव्या लागतील. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९९४ मध्ये अडोबीने अल्डस घेतली आणि १९९९ मध्ये पानं लावायचं त्यांचं नवं सॉफ्टवेअर, इनडिझाइन, आलं. २००५ च्या सीएस२ आवृत्तीत वस्तू नांगरायची सोय झाली, पण तो नांगर मजकुरात पडतो, चित्रात नव्हे. परिच्छेद सरकला की चित्र त्याच्या मागोमाग जातं. चित्राची चौकट लहान केली तर त्यावरच्या नावांनी काय करायचं, हे त्याला ठाऊक नसतं. २०१२ च्या सीएस६ ने मराठीसह दहा भारतीय भाषांना आधार दिला आणि मजकुरानुसार वाढणारी चौकटही दिली. तिचा कोणता कोपरा पक्का धरायचा ते आपण ठरवतो. चित्राच्या डावीकडच्या नावाचा उजवा कोपरा धरला, तर नाव कितीही लांबलं तरी बाहेरच्या बाजूला वाढतं, रेषेवर चढत नाही.

मूळ प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उत्तर मात्र गणितवाल्यांकडे आहे, आणि सिरुसेरीत ते आमचे शेजारीच. गणिती सी. एस. शेषाद्रींनी १९८९ साली उभी केलेली चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट २००५ पासून याच पार्कात आहे. जगभरचे गणिती लिहितात ते टेक (TeX) या अक्षरजुळणीच्या प्रणालीत. स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची कुरूप प्रुफं पाहून डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये त्याची आखणी सुरू केली होती. टेकवरच उभ्या असलेल्या लाटेकसाठी (LaTeX) ओव्हरपिक नावाचं एक छोटं पॅकेज आहे. त्यात नावाची जागा मिलिमीटरमध्ये सांगतच नाहीत, चित्राच्या मापाच्या शेकडेवारीत सांगतात: आडवे ६२, उभे ४०. चित्र पानभर करा की पाव पानाचं, नाव त्याच बिंदूवर राहतं, आणि अक्षराचा आकार बदलत नाही. जागा चित्राबरोबर बदलावी, अक्षर बदलू नये, हेच तर लाइट टेबलवर हाताने साधलं जायचं!

आता आमच्या कामातही तेच तत्त्व वापरतो. एक छोटी स्क्रिप्ट चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून प्रत्येक नावाचं अंतर चौकटीच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात नोंदवून ठेवते, आणि चौकट बदलली की त्याच प्रमाणात नाव पुन्हा बसवते. ज्याला एके काळी रात्र लागे ते क्षणात होतं. जुन्या पद्धतीबद्दल कितीही माया असली, तरी आजची पद्धत निःसंशय चांगली आहे.

एक गोष्ट मात्र हातून निसटली. स्क्रिप्टला अलिंद-निलय कळत नाही. पहिल्यांदा रेष चुकीच्या जागी टेकली असेल, तर ती चूक प्रत्येक मापात तितक्याच नेमकेपणाने जपली जाते. आणि आता चित्राकडे पाहण्यावाचून कोणाचं अडत नाही.

म्हणून मराठीत विज्ञानाची पुस्तकं करणाऱ्या लेखक-प्रकाशकांना कळकळीने सांगतो: चित्रकाराकडून आकृती नावांशिवाय घ्या, नावांची यादी युनिकोडमध्ये वेगळी ठेवा, दोन्ही मूळ फाइली सांभाळा. आणि शेवटचं प्रूफ विषय जाणणाऱ्या माणसाला देऊन प्रत्येक रेष टोकापर्यंत तपासून घ्या.