तलावाची पाळ आणि सहा फुटांचा पट्टा

ताडोब्याच्या फाटकावर पाळलेला कुत्रा घेऊन गेलेल्या पर्यटकाला परत फिरावे लागते, आणि ते योग्यच आहे. गाभा आणि बफर मिळून या व्याघ्र प्रकल्पाचा पसारा 1,727 चौरस किलोमीटरच्या घरात जातो. नागभीडजवळच्या घोडाझरीचे जंगल 2018 मध्ये अभयारण्य झाले. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन जिथे प्राणहिता होते, त्या भागातले चपराळा 1986 पासून अभयारण्य आहे. त्याखेरीज भामरागड आहे, कोलामार्का आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत कुत्र्याला घेऊन दिवसभर पायी भटकण्याची ज्याला आवड आहे, त्याला आधी कुठे जायचे नाही हे पाठ असावे लागते. नकाशावरची ही सगळी हिरवी ठिकाणे त्याने स्वतःहून वगळलेली असतात.

तरीही मागे पुष्कळ उरते.

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. लोक त्यांना सरळ ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी आणि इतर समाजांनी हे तलाव बांधले, धानाच्या बांध्यांना पाणी दिले. 1951 च्या सुमारास मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यांच्या मातीच्या पाळी अजून उभ्या आहेत. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, सावली, तिकडे आरमोरी, वडसा या तालुक्यांत तलाव किंवा निदान एखादी बोडी नसलेले गाव शोधावे लागते. तलावाची पाळ, तिथून शेताकडे जाणारी पांदण, धानाचे धुरे आणि पलीकडचे गुरे चरण्याचे माळ एवढ्यात कुत्र्याला घेऊन करायची दिवसाची चाल होते. हिवाळ्यात वैनगंगेचे पाणी उतरले की मार्कंड्याच्या बाजूला वाळूही चालायला मोकळी होते.

पाळ निवडण्याला कारण आहे. पाळ जमिनीपेक्षा उंच असते. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कापणी झालेल्या बांध्या, त्यामुळे दोन्हीकडचे लांबवर दिसते. पुढे काय आहे हे माणसाला कळते आणि पुढच्यालाही माणूस येतोय हे कळते. जंगलाच्या पाऊलवाटेवर बांबूच्या रांजीमागे काय बसले आहे, हे दहा पावलांवर गेल्याखेरीज उमगत नाही. या दोन जिल्ह्यांत वाघ प्रकल्पाच्या हद्दीत थांबत नाही. ब्रह्मपुरी वनविभागात तर तो शेताच्या कडेने, नाल्यानाल्याने फिरतो. म्हणून पाळीवरूनसुद्धा निघण्याआधी गावात विचारायचे असते, आणि तेही ढोरक्याला. रोज गुरे घेऊन जाणाऱ्या माणसाइतकी ताजी खबर दुसऱ्या कोणाकडे नसते. “तिकडे नका जाऊ भाऊ, काल सांजेले वाघीण पिल्लं घेऊन नाल्यात उतरली होती,” असे तो म्हणाला की त्या दिवशीची वाट तिथेच बदलते. त्यावर चर्चा करायची नसते.

कुत्रा सोबत असला की आपण सुरक्षित, ही समजूत खेड्यापाड्यांत आणि शहरातही घट्ट आहे. बिबट्याच्या बाबतीत ती उलटी पडते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबट्यांची विष्ठा तपासली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यातला सर्वात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबाने सुमारे 39 टक्के. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या मान धरतो. कुत्रा हे बिबट्याचे ठरलेले भक्ष्य आहे, हे ज्याला मान्य आहे तो कुत्र्याला कधी वीस पावले पुढे सोडत नाही.

अस्वलाची गोष्ट वेगळी. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागला की माणूस, अस्वल आणि चितळ एकाच झाडाखाली येतात. मोकळा कुत्रा अस्वलावर भुंकतो, अस्वल उसळते, कुत्रा घाबरून धन्याच्या पायाशी पळत येतो आणि मागोमाग अस्वलही येते. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तेव्हापासून हीच भीती हत्तींचीही आहे. भुंकणारे कुत्रे हत्तींना सहन होत नाही. म्हणून सहा फुटांचा साधा, मजबूत पट्टा हातात असतो. बटण दाबताच लांब सुटणारी दोरी इथे नको.

वेळही कुत्र्याच्या हिशेबानेच ठरते. झुंजुमुंजूला निघणे आणि दिवेलागणीपर्यंत रेंगाळणे हे एरवीच्या भटकंतीचे सुख असेल, पण वाघ-बिबट्याची ये-जा नेमकी त्याच वेळांना असते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत धुके उठून ऊन पाठीवर आल्यावर, आठच्या पुढे निघायचे, दुपारची भाकरी गावाजवळच्या झाडाखाली खायची आणि सावल्या लांबायच्या आत मोटारीपाशी किंवा बसथांब्यावर परतायचे. एवढ्या वेळात आठ-दहा किलोमीटर सहज होतात. पण अंतरावर डोळा ठेवून ही चाल होत नाही, कारण कुत्रा थांबतो तिथे थांबावेच लागते.

या थांबण्यातच खरे शिक्षण आहे. कुत्र्याच्या नाकाची ताकद वनखात्यांनीही कामाला लावली आहे. ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या कार्यक्रमातून 2008 पासून वाघ-बिबट्याची कातडी आणि हाडे हुडकणारी कुत्री देशभर तयार झाली. घरच्या कुत्र्याला असे शिक्षण नसते, पण नाक तेच असते. पांदणीतल्या एखाद्या पळसाच्या बुंध्याशी तो थबकतो, तेव्हा बघायचे असते ते त्याचे शरीर. शेपूट सैल हलत असेल आणि नाक भराभर चालत असेल, तर बहुधा रात्री कोल्हा किंवा गावचे कुत्रे तिथे मुतून गेले आहे. थुंकी गिळत, मान पुढे ताणून तो शेताकडे ओढत असेल, तर ससा किंवा रानडुक्कर. पण शेपूट पोटाखाली गेली, मानेपासून कण्यापर्यंतचे केस ताठ झाले आणि पाऊल पुढे टाकायला तो तयारच नसला, तर तिथे कारण शोधत बसायचे नाही. पट्टा आखडता घ्यायचा, पाठ न दाखवता चार पावले मागे सरायचे आणि आल्या वाटेने परतायचे. पलीकडे चितळ ओरडले किंवा वानर खकरले, तर शंकेला जागाच उरत नाही. कुत्र्याला हिंमत देऊन, चुचकारून पुढे नेण्यात शौर्य नाही. त्याने जे सांगायचे ते सांगितलेले असते.

पाळीवर दुसरी जबाबदारी पक्ष्यांची. हिवाळ्यात उथळ पाण्यात अडई, वारकरी, नकट्या, चक्रवाक उतरलेले असतात, कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालतो. कुत्रा नुसता पाण्याच्या काठाशी धावला तरी अख्खा थवा उठतो, आणि लांबच्या प्रवासाने थकलेल्या पाखरांना पुन्हापुन्हा उठावे लागणे महागात पडते. उन्हाळ्याच्या तोंडाशी टिटवी उघड्या माळावर, खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची अंडी घालते. माणसाच्या डोळ्याला ती दिसत नाहीत, कुत्र्याच्या नाकाला सापडतात. इंग्लंडमध्ये 2000 च्या कायद्याने लोकांना मोकळ्या रानात फिरण्याचा हक्क दिला, पण 1 मार्च ते 31 जुलै या काळात तिथे कुत्र्याला दोन मीटरपेक्षा लांब पट्टा चालत नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांसाठी केलेला हा नियम आपल्या माळांनाही तंतोतंत लागू पडतो. तो कागदावर येईपर्यंत थांबायची गरज नाही. सहा फूट म्हणजे दोन मीटरच्या आतच.

चाल संपल्यावर निम्मे काम बाकी असते. कुत्र्याला मांडीजवळ आडवे घेऊन त्याचे पंजे एकेक करून उघडायचे. बोटांच्या बेचक्यात गवताची कुसळे शिरलेली असतात. कुसळाला उलटे काटे असल्याने ते आतच सरकत जाते आणि दोन दिवसांनी तिथे गळू होते. मग कानाची पाळी उलटी करून आत, काखेत, जांघेत, गळपट्ट्याखाली बोटे फिरवायची. तिळाएवढी टणक गाठ लागली की ती गोचीड. तिला चिमट्याने कातडीला चिकटून धरायचे आणि सरळ वर ओढायचे. रॉकेल किंवा तेल लावत बसायचे नाही. गोचिडीतून येणारा ताप कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी पोखरतो. भूक मंदावली, हिरड्या फिकट पडल्या, नाकातून रक्त आले की तडक दवाखाना. प्यायचे पाणी घरून न्यायचे, कारण साचलेल्या पाण्यातून, त्यात मिसळलेल्या गुरांच्या मुतामुळे, लेप्टोचा संसर्ग होऊ शकतो.

फेब्रुवारी सरला की या भटकंतीचा हंगाम सरतो. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकतच अंग थंड करतो, आणि तापलेला डांबरी रस्ता त्याचे तळवे भाजून काढतो. त्याच दिवसांत मोहफुले वेचायला आणि पुढे तेंदूपत्ता तोडायला गावेच्या गावे पहाटे रानात असतात, वाघाच्या हल्ल्यात माणसे जातात. अशा वेळी हौसेने तिकडे फिरणे शोभत नाही. पावसाळ्यात पाळी भुसभुशीत होतात, धुऱ्यांवर घोणस आणि नाग असतात, आणि महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यात उरलेला, चंद्रपुरात अगदी मोजका दिसणारा सारस याच दिवसांत धानाच्या बांधीत किंवा तलावाकाठी घरटे करतो. दिवाळी झाल्यावरच पट्टा पुन्हा खुंटीवरून निघतो.

मधले हे महिने रिकामे नाहीत, ते लसीकरणाचे आहेत. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा आजार जंगलात कसा शिरतो, हे 1994 मध्ये सेरेंगेटीत दिसले. भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांकडून आलेल्या या साथीत तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. 2018 मध्ये गीरच्या सिंहांत हाच विषाणू सापडला, तेव्हा काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले होते. ताडोब्यात वाघ आहे, आणि त्याच्याबरोबर रानकुत्र्यांच्या टोळ्याही आहेत, ज्यांना हा आजार थेट लागतो. घरच्या कुत्र्याला डिस्टेंपर, पार्व्हो आणि रेबीजची लस असणे ही चालण्याची पूर्वअट झाली. पण ज्या गावाच्या पाळीवरून तो चालतो, तिथल्या कुत्र्यांना बहुतेक वेळा कोणीच टोचलेले नसते.

म्हणून सप्टेंबरमध्ये, 28 तारखेच्या जागतिक रेबीज दिनाच्या आगेमागे, त्या गावच्या सरपंचांना आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला भेटावे. शिबिराचा दिवस ठरवावा, रेबीजबरोबर डिस्टेंपरच्या लशीचाही खर्च कोण उचलणार ते बोलून घ्यावे आणि कमी पडेल तेवढे आपल्या खिशातून घालावे. कुत्री धरायला ढोरकी आणि शाळेतली मोठी पोरे लागतात, कारण ती परक्याच्या हाती येत नाहीत. लस टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात रंगीत फीत बांधली की कोणाला टोचायचे राहिले ते लगेच दिसते. एका दिवसात सगळी सापडत नाहीत, तेव्हा दुसरी तारीखही त्याच बैठकीत घेऊन ठेवावी.