डोंगराला टोक नव्हतंच!

मुलांनो, आधी एक काम करा. वहीचं मागचं पान उघडा आणि पाच मिनिटांत एक निसर्गचित्र काढा. काढलंत? आता तुमची वही न बघता मी सांगते त्यात काय आहे ते. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, डोंगरातून निघून खाली रुंद होत आलेली नदी, काठावर एक झोपडी, झोपडीला चिकटून नारळाचं झाड आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी.

यात जादूबिदू काही नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि दर वर्षी अशी तीस-पस्तीस चित्रं तपासते. खरं तर फळ्यावर हे चित्र मीच काढून दिलेलं असतं. आमच्या गावात नारळाचं झाड एकच आहे, तेही सरपंचांच्या परड्यात. पण चित्रातल्या प्रत्येक झोपडीला नारळ हवाच! असो.

हे चित्र माझ्या हातातून कसं सुटलं, त्याची ही गोष्ट आहे. ती घडली सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर.

आमची शाळा वाईपासून एसटीनं अर्ध्या तासावर. वाई तुम्हाला ठाऊक असेल. कृष्णाकाठचं गाव, घाटच घाट आणि ढोल्या गणपती. त्या देवळाची मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती बांधलेली आहे. पूर आला की पाणी त्या टोकाशी दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. वाईहून तीनेक किलोमीटरवर मेणवली. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचा वाडा इथे आहे. वाड्यात जुनी भित्तिचित्रं आहेत. मागच्या बाजूला चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट, घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि एका लहानशा देवळीत टांगलेली भली मोठी घंटा. ही घंटा मूळची चर्चची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथून आणलेल्या घंटांपैकी ही एक. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ चित्रपटात हा घाट तुमच्या आईबाबांनी पाहिलेला असेल.

एका रविवारी मी सहज तिथे गेले होते. बघते तर पायऱ्यांवर आठ-दहा माणसं मांडीवर फळ्या घेऊन बसलेली. कुणी बोलत नव्हतं. सगळे एकदा समोर बघायचे, एकदा खाली. मला वाटलं परीक्षाच चालू आहे! मग रंगांच्या बश्या दिसल्या. हायस्कुलातून निवृत्त झालेले एक चित्रकलेचे शिक्षक, बँकेत नोकरी करणाऱ्या एक काकू, चित्रकला महाविद्यालयातली तीन-चार मुलं आणि पुण्याहून पहाटेच्या गाडीनं आलेले दोघं. महिन्यातून दोन रविवार ही मंडळी जमतात आणि जागेवर बसून चित्रं काढतात. निवृत्त शिक्षकांना सगळे ‘मास्तर’ म्हणत. मी बराच वेळ मागे उभी राहिले, तेव्हा ते मान न वळवताच म्हणाले, “उभ्यानं बघून काय होणार बाई? पुढच्या खेपेला कागद घेऊन या.”

पुढच्या खेपेला मी गेले. मुलांचा परीक्षेचा पॅड, चार चिमटे, वड्यांची रंगपेटी आणि दोन ब्रश.

मास्तरांनी पहिल्यांदा रंगपेटी बंदच करायला लावली. पुठ्ठ्यात पोस्टकार्डाएवढी चौकट कापलेली होती, ती हातात दिली आणि म्हणाले, “यातून बघा. समोर शंभर गोष्टी आहेत. त्यातल्या कुठल्या घ्यायच्या ते आधी ठरवा.” तुम्हीही करून बघा. चौकट डोळ्याजवळ धरली की खूप दिसतं, लांब धरली की थोडंच दिसतं. मी भीत भीत घंटेची देवळी, घाटाचा एक कोपरा आणि पाणी एवढंच निवडलं.

मग म्हणाले, “आता डोळे किलकिले करा.” मी केले. काय आश्चर्य! पायऱ्यांचे दगड, पानं, धुणं धुणाऱ्या बायकांच्या बांगड्या असं सगळं बारीकसारीक नाहीसं झालं आणि उरले फक्त तीन तुकडे : एक उजेडाचा, एक मध्यम आणि एक काळोखाचा. “हे तीन तुकडे जागच्या जागी बसले, की निम्मं चित्र झालं,” काकू बाजूनं म्हणाल्या.

पायऱ्यांनी मात्र माझी फजिती केली. मी शिडीसारख्या सगळ्या पायऱ्या एकसारख्या काढल्या. कॉलेजातल्या एका मुलीनं हळूच सांगितलं, “ताई, जरा खाली उतरून बसा आणि बघा. डोळ्यांच्या रेषेच्या खाली असलेल्या पायऱ्यांचा वरचा भाग दिसतो, जिथे आपण पाय ठेवतो तो. डोळ्यांच्या वरच्या पायऱ्यांची नुसती उभी बाजू दिसते.” खरंच की! मी इतकी वर्षं पायऱ्या चढते-उतरते आहे, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं. उद्या शाळेच्या पायऱ्यांवर खात्री करून घ्या.

जलरंगात पांढरा रंग कुठून येतो, ठाऊक आहे? कागदातून. जिथे पांढरं हवं तिथे रंग लावायचाच नाही. म्हणून सुरुवात फिकटापासून. पॅड थोडा तिरका धरायचा, भरपूर पाण्यात कालवलेला रंग वरून आडवा ओढत खाली आणायचा आणि खालच्या कडेला जमणारा रंगाचा थेंब तसाच पुढे न्यायचा. मध्ये थांबलात, की आकाशात पट्टा उमटलाच म्हणून समजा. माझ्या आकाशात तीन पट्टे आहेत. वारा आला, कागद फडफडला, एक माशी ओल्या ढगावर बसली आणि तिथेच चिकटली. घरात बसून चित्र काढताना असलं काही होत नाही.

आणि उजेड! तो तर तुमच्यासाठी थांबतच नाही. सकाळी साडेसातला देवळीची सावली पाण्यापर्यंत लांब पसरली होती. नऊ वाजता ती चार पायऱ्या मागे सरकली. मी तीही काढली! त्यामुळे माझ्या चित्रात एकाच देवळीला दोन सावल्या झाल्या. मास्तर हसून म्हणाले, “बाई, तुमच्या मेणवलीत दोन सूर्य उगवलेले दिसतात. सावली पहिल्या पाच मिनिटांत पकडायची आणि मग तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.”

मी म्हटलं, “मग मोबाइलवर फोटो काढून घरी रंगवलं तर?” त्यांनी माझ्याच मोबाइलवर फोटो काढायला लावला आणि समोर धरला. लांबचे डोंगर फोटोत एवढेसे झाले होते आणि देवळीतली सावली काळीकुट्ट. प्रत्यक्षात मात्र त्या सावलीत निळसर-जांभळी झाक होती आणि आतली घंटा स्पष्ट दिसत होती. “फोटो वाईट नाही हो,” ते म्हणाले, “पण तुम्हाला जे दिसतंय ते त्याला दिसत नाही.”

चहाच्या वेळी गप्पा रंगल्या. उघड्यावर बसून रंगवणं सोपं झालं ते रंगाच्या ट्यूबमुळे, हे मला तिथेच कळलं. पूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. पिशवी फुटायची, रंग वाळायचा. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबता येणारी धातूची ट्यूब शोधून काढली आणि रंग खिशात घालून रानात जाता येऊ लागलं. फ्रान्समधल्या ल हाव्र या बंदरात एक मुलगा लोकांची व्यंगचित्रं काढून विकत असे. तुमच्याच वयाचा, थोडा मोठा. बूदँ नावाच्या चित्रकारानं त्याला आग्रह करून समुद्रकाठी रंगवायला नेलं. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला क्लोद मोने. एकच गवताची गंज वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात त्यानं पुन्हापुन्हा रंगवली. आपल्याकडे कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि कोल्हापूरला परतून त्यांनी रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ असा आपल्या गावचाच परिसर रंगवला. १९३१ साली ते वारले. त्यांच्याबद्दल बोलताना मास्तरांचा चहा गार झाला.

साडेदहा वाजता सगळ्यांनी आपापली चित्रं पायऱ्यांवर ओळीनं मांडली आणि उडू नयेत म्हणून वर खडे ठेवले. घाट एकच, पण कागदावर दहा घाट! एकाचा पिवळाधमक, एकाचा निळा. काकूंनी तर घाट जेमतेम दाखवला होता, सगळा कागद पाण्यातल्या प्रतिबिंबानं भरलेला. कुणी कुणाला नावं ठेवत नव्हतं, पण खोटं कौतुकही करत नव्हतं. “इथे घाई झाली,” “हा कोपरा रिकामा ठेवलास ते बरं केलंस,” असं चाललेलं. मी माझा कागद पॅडखाली सरकवला होता. मास्तरांनी तो ओढून काढला.

बराच वेळ त्यांनी बघितलं. मग पेन्सिलीचं टोक कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर ठेवून विचारलं, “बाई, हा डोंगर कुठून आणला?”

मी बघितलं. देवळीच्या मागे, आकाशाचा रंग सुकायच्या आत, मी एक छान त्रिकोणी डोंगर काढला होता. टोकदार. शेजारी दुसरा. तिथे असा डोंगर नव्हताच! माझ्या हातानं तो आपोआप काढला होता.

सगळे हसले, मीही हसले. मग मास्तरांनी मला गावाबाहेर शेताच्या बांधावर नेलं. “आता बघा. एकाला तरी टोक आहे का?”

एका अंगाला पाचगणीचं टेबललँड, सुरीनं कापल्यासारखं सपाट. दुसऱ्या अंगाला पांडवगड, वर कातळाचा कडा आणि खाली उतरत गेलेले टप्पे. भूगोलात तुम्ही वाचलं असेल, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. थरावर थर साचले. कठीण थर टिकले, मऊ झिजले, म्हणून आपले डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगावर पायऱ्यापायऱ्यांचे. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दसुद्धा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. हे सगळं मी दर वर्षी शिकवते. पुस्तकातलं वाचून.

पण त्या बांधावर माझ्या डोळ्यांपुढे डोंगर नव्हते. चौथीतला एक मुलगा होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चित्रकलेच्या तासाला त्यानं उपड्या ताटासारखा डोंगर काढला होता. सपाट. मी विचारलं, “हा काय डोंगर झाला? टोक कुठे आहे?” तो म्हणाला, “बाई, आमच्या रानातनं असाच दिसतो की वो.” मी लाल पेन घेतलं आणि त्याच्या डोंगरावर टोक काढून दिलं. वर्ग हसला. पुढच्या चित्रात त्याचे डोंगर इतरांसारखेच त्रिकोणी होते आणि मी त्याला ‘छान’ असा शेरा दिला.

त्या रविवारी एसटीत मला खिडकीबाहेर बघवेना. बाहेर सगळे सपाट डोंगर.

तो मुलगा आता सहावीत, शेजारच्या गावच्या हायस्कुलात. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या वस्तीवर गेले. त्याची आई घाबरली. बाई घरी आल्या म्हणजे पोरानं काहीतरी केलंच असणार! तो शेरडं घेऊन माळावर गेला होता. मी तिकडेच गेले आणि सरळ सांगितलं, “अरे, तुझा डोंगर बरोबर होता. चूक माझी होती.”

तो नुसता बघत राहिला. त्याला ते आठवत होतं की नाही, कोण जाणे. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, “बाई, त्याला लई दिस झालं.” म्हणजे आठवत होतं.

मी पिशवीतून पॅड काढला आणि त्याच्यासमोरच बांधावर बसून समोरचा डोंगर काढू लागले. या वेळी डोळे किलकिले करून, लांबचा भाग फिकट निळा ठेवून. लांबचं सगळं हवेमुळे निळसर दिसतं, हेही घाटावर शिकलेलं. तो शेरडांना हाकत हाकत दोनदा मागून डोकावून गेला. तिसऱ्यांदा थांबला.

“बाई,” तो म्हणाला, “उजव्या अंगाला खिंड हाय. तुमी सरळच वडलंय.”

मी बघितलं. खिंड होती. मी ब्रश पुसून त्याच्या हातात दिला. त्यानं हात चड्डीला पुसले, डोंगराकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, “ह्या रंगात पाणी जरा जास्तच झालंय न्हवं का?”