तांदळाच्या दाण्याएवढा गारवा

मांडीवर घेऊन काम करायचं वय आता गेलं, असं मला वाटायला लागलं होतं. माझं नाही हो, लॅपटॉपचं! सहा वर्षांपूर्वी पहिल्या बोनसमधून घेतलेला. पण हल्ली एक्सेलच्या दोन फाइल्स उघडल्या, की पंखा असा घोंघावायचा, की आतून आई विचारायची, ‘मिक्सर चालू ठेवलायस का गं?’ व्हिडिओ कॉलवर तर माझा चेहरा गोठायचा. तोही तोंड उघडं असताना!

एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण ऑफिसमध्ये माझी पोस्टच रद्द झालेली, नोटीस पीरियडचे अकरा दिवस उरलेले आणि सोमवारी इंटरव्ह्यू. तोही व्हिडिओवर. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला, ‘मदरबोर्ड गेलाय मॅडम, नवाच घ्या.’ नवा? आणि आत्ता?

एका मित्राने एवढंच सांगितलं, ‘लॅमिंग्टन रोडला जा.’ शनिवारी सकाळी ग्रँट रोडला उतरले आणि पूर्वेला चालत सुटले. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघाच! लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. तो गेला, नाव काही गेलं नाही. एकेकाळी हा थिएटरवाल्यांचा रस्ता. इथल्याच मिनर्व्हात १९७५मध्ये लागलेला ‘शोले’ पाच वर्षं उतरला नव्हता. आता मिनर्व्हा नाही, पण गर्दी तीच. फक्त तिकिटांऐवजी केबल, राउटर, सीसीटीव्ही. ‘बोलो मॅडम, क्या चाहिए?’ चुकवत मी एका लाकडी जिन्याने वर गेले. कपाटाएवढं दुकान, टेबललॅम्प आणि कपाळावर भिंग चढवलेले एक काका.

‘कधी उघडलाय?’

‘कधीच नाही.’

‘सहा वर्षं? दिवाळीला घरातल्या पंख्याची पाती तरी पुसता ना ताई?’

मी गप्प. काकांनी आधी मशीन चालू करून तापमान दाखवलं. ९८ अंश! ‘शंभरच्या आसपास गेला, की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मदरबोर्ड-बिदरबोर्ड काही गेलेला नाही. बिचारा जीव वाचवतोय.’

मग मशीन बंद. मागचं झाकण काढल्यावर पहिलं काम, बॅटरीची पिन सोडवायची. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा अक्षरशः गोधडीसारखा थर. ब्लोअर मारताना त्यांनी पंखा बोटाने धरून ठेवला. हवेने भन्नाट फिरला तर तोच खराब व्हायचा. मग तांब्याच्या नळ्यांवरचे स्क्रू. शेजारी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले. एकच पूर्ण काढायचा नाही, सगळे थोडे थोडे सैल करत जायचं. खाली प्रोसेसरवर वाळलेल्या टूथपेस्टसारखी करडी खपली. हीच थर्मल पेस्ट. म्हणजे जी ओली असायला हवी होती, ती!

‘हिचं काम काय?’ मी विचारलं.

‘पोळी तव्याला टेकली नाही तर भाजते का? तसंच. चिप गुळगुळीत दिसते, तांबंही गुळगुळीत दिसतं. पण दोन्हींवर बारीक खाचखळगे. त्यात हवा अडकते आणि हवेतून उष्णता जाता जात नाही. पेस्ट त्या फटी बुजवते.’

‘मग भरपूर लावा ना!’

‘तिथेच लोक चुकतात. पेस्ट हवेपेक्षा कितीतरी चांगली, पण तांब्यापुढे काहीच नाही. जाड थापली, की तीच आडवी येते.’

आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू लख्ख पुसल्या आणि तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून पातळ पसरली. बाजूच्या चिप्सवर मऊ पट्ट्या होत्या, त्यांना हात नाही. तिथली फट मोठी असते, तिथे पेस्ट चालत नाही. मग पुन्हा आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे करत स्क्रू आवळले. पाऊण तासात काम फत्ते. त्याच दोन फाइल्स उघडल्या. ७४ अंश. बिल सातशे रुपये. मदरबोर्डचे पैसे डोळ्यांपुढे नाचत असताना सातशे मोजण्यातलं सुख तुम्हाला काय सांगू!

तुमचंही मशीन असं तापत असेल, तर रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. वॉरंटी असेल तर आधी अटी वाचा, डेटाचा बॅकअप घ्या, पैसे आधी ठरवा आणि समोर बसून काम करून घ्या. आणि कुणी ‘नवाच घ्या’ म्हटलं, तर आधी एकच विचारा, ‘उघडून बघितलंत का?’

सोमवारी इंटरव्ह्यू सत्तेचाळीस मिनिटं चालला. चेहरा एकदाही गोठला नाही. नोकरीचं अजून कळलेलं नाही. कॉल संपल्यावर आई दार ढकलून आत आली. ‘अगं, झाला की नाही सुरू तुझा इंटरव्ह्यू? काहीच आवाज नाही तो!’