नाव गावाचे, मुक्काम राजधानीत

मोठे क्रीडासंघ आपला दुय्यम संघ कोठे ठेवतात, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. तरीही केंद्र आणि प्रांत यांच्या नात्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला अलीकडे आढळले नव्हते. आजचा धागा त्याविषयी. आरंभ कॅनडातून करू. पोहोचायचे मात्र परभणीला आहे.

बर्फावरील हॉकीची सर्वांत वरची साखळी म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिच्या खालोखाल अमेरिकन हॉकी लीग, १९३६ पासूनची. वरच्या संघाशी खालचा एक संघ संलग्न असतो. नवे खेळाडू तेथे घडतात आणि वर कोणी जायबंदी झाला की त्यांना बोलावणे येते. हे दुय्यम संघ पूर्वापार लहान शहरांत नांदत आले. हर्शी हे तर चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसलेले गाव. त्याचा संघ १९३८ पासून आजतागायत तेथेच खेळतो.

सर्वांचे नशीब हर्शीसारखे नव्हते. न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स हे शहर पाहा. टोरांटोचा दुय्यम संघ १९९१ पासून तेथे होता. दोहोंत २,००० किलोमीटरहून अधिक अंतर, घड्याळातही दीड तासाचा फरक. २००५ मध्ये टोरांटोने तो संघ स्वतःच्याच शहरात नेला. २०११ मध्ये विनिपेगचा दुय्यम संघ सेंट जॉन्सला आला; २०१५ मध्ये तोही विनिपेगला परतला आणि मुख्य संघाच्याच क्रीडागृहात खेळू लागला. मग मॉन्ट्रियलचा आला आणि २०१७ मध्ये मॉन्ट्रियलला लागून असलेल्या लावालला गेला. एका शहराने बारा वर्षांत तीन संघांना निरोप दिला.

मालकांचा हिशेब चुकीचा नाही. दुपारी निरोप धाडला तर खेळाडू संध्याकाळी मैदानात उतरू शकतो. प्रशिक्षक व वैद्य यांची नजर दोन्ही संघांवर राहते. परंतु दूरच्या गावातील मुलाला उद्याचा नामवंत खेळाडू आजच, स्वस्त तिकिटात पाहता येत असे. ते सुख या हिशेबात कोठेच मांडलेले नसते.

आता महाराष्ट्राकडे वळू. मुंबई परिसर आणि विदर्भ वगळता उरलेल्या राज्याचे क्रिकेट महाराष्ट्र क्रिकेट संघटना पाहते. तिचे केंद्र पुणे. जून २०२३ मध्ये तिने महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. पुण्यासह कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या नावांचे सहा संघ झाले. पहिल्या हंगामाचे सर्व सामने मात्र पुण्याच्या वेशीबाहेर, गहुंजेच्या मैदानावर झाले. रत्नागिरीचा संघ अजिंक्य ठरला, तोही गहुंज्यातच. कॅनडात संघ हलवावा लागला. आपण तो मुळात हलवलाच नाही, केवळ नाव वाटून दिले.

प्रकाशझोत, दूरचित्रवाणीची सोय, जूनचा पाऊस ही कारणे मला मान्य आहेत. पण नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामने झालेले आहेत. सगळीकडे मैदानांचा दुष्काळ आहे असे नव्हे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे निजामी मुलखातले जहागीरदार आठवल्यावाचून राहत नाहीत. जहागीर जिल्ह्यात आणि धन्याचा वाडा हैदराबादेत, अशी कितीएक घराणी होती. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. तुलना पुरती जुळत नाही, हे खरे. जहागीरदार महसूल नेई. क्रिकेटचा संघ गावाकडून नाव आणि खेळाडू एवढेच घेतो.

परभणीची राजधानीच मुळी बदलत आली. १९४८ पर्यंत निजामाचे हैदराबाद, पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, म्हणजे शहर तेच, त्यानंतर मुंबई. क्रिकेटपुरती ती पुणे. मराठवाड्याच्या वाट्याला संघ आला एकच, संभाजीनगरच्या नावाचा. तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर त्यातूनच खेळला. आमच्याकडे त्याचे कौतुक झाले, ते पडद्यावर पाहून. परभणीच्या नावाचा संघ त्या सहांत नाही. येथला एखादा मुलगा संभाजीनगरच्या संघात निवडला गेला आणि मनमाडमार्गे रेल्वेने निघाला, तर वाटेत संभाजीनगरचे स्थानक लागेल. गाडी थांबेल, चहावाला येऊन जाईल, आणि आपल्या संघाच्या शहरात न उतरता तो मुलगा पुण्याकडे पुढे जाईल.